घर विकायचंय, फरशीचं काय करू?

मागच्या अंकात घर विकायच्या आधी काय काय दुरुस्त करून घ्यावं यावर लिहिलं होतं, त्यात फरशीबद्दल जेमतेम दोन ओळी होत्या, "फरशी एकदा नीट बघून घ्या" एवढंच, आणि त्या दोन ओळींवर जेवढे प्रश्न आले तेवढे बाकीच्या अख्ख्या लेखावर आले नाहीत. म्हणजे लोकांचं खरं दुखणं पायाखालीच होतं तर. म्हणून या वेळचं सदर पूर्ण फरशीला दिलंय. काही प्रश्न सारखेच होते ते एकत्र केलेत, आणि नावं कुणाचीच छापलेली नाहीत, कारण निम्म्या पत्रांत घरातलं भांडण आहे.

प्रश्न: घर वीस वर्षांचं. हॉलमध्ये एक टाइल, बेडरूममध्ये दुसरी, किचनमध्ये तिसरी, आणि पॅसेजमध्ये नंतर दुरुस्तीला टाकलेली चौथीच. सहा महिन्यांत विकायचंय. कंत्राटदार म्हणतो सगळं उखडा, नवीन टाका, किंमत आपोआप वर जाईल. नवऱ्याला पटलंय, मला नाही.

ताई, तुम्हाला नाही पटलं ते बरोबरच आहे. ज्याचं काम उखडण्यावर चालतं तो उखडाच म्हणणार, त्यात त्याचाही काही दोष नाही. पण चार प्रकारच्या फरश्या तशाच ठेवून घर दाखवलंत तर नुकसान होईल हेही खरंय, म्हणजे नवरोबा अगदीच चुकीचे नाहीत.

घर बघायला आलेला माणूस दारात चप्पल काढताना खाली बघतो, तिथून पुढे त्याची नजर फरशीवरूनच आत जाते. प्रत्येक दाराशी रंग बदलला की नजर तिथे अडकते, घर तुकड्यातुकड्यांचं वाटतं आणि आहे त्यापेक्षा लहान वाटतं. हॉल, पॅसेज, जेवायची जागा हा जो एका नजरेत दिसणारा पट्टा असतो तो सलग असला की तेच घर मोठं दिसायला लागतं. बेडरूमला दार असतं, तिथे वेगळी फरशी असली तर कुणाला खटकत नाही. तेव्हा सगळं उखडायचा विषयच नाही, प्रश्न आहे तो त्या पट्ट्याचा.

पण त्याच्याही आधी एक काम करा, फुकटातलं आहे. रात्री घर शांत झालं की हातोडीच्या लाकडी दांड्याने नाहीतर जाड नाण्याने एकेक टाइल वाजवत फिरा. ठक्क वाजली तर खालून धरलेली आहे, पोकळ वाजली तर सुटलीये, तिच्यावर खडूची खूण करा. खोलीत कुठेकुठे एखादा कोपरा पोकळ वाजतो ते चालतं, जुन्या कामात असतंच. सलग ओळच्या ओळ पोकळ वाजत असेल किंवा दोन टाइल सांध्यापाशी तंबूसारख्या वर उचलल्या गेल्या असतील तर मात्र तिथे वरवरचं काही करून उपयोग नाही, तो भाग काढावाच लागेल.

मग सांधे बघा. जुनी फरशी मळकी दिसते त्यातला निम्मा मळ टाइलवर नसतोच, तो सांध्यात असतो. वीस वर्षांत सांध्यात भरलेलं पांढरं ग्राउट काळं झालेलं असतं, कुठेकुठे निघून गेलेलं असतं, आणि आपल्याला रोज बघून त्याचं काही वाटत नाही. ते दोनतीन मिलिमीटर खरवडून परत भरून घेतलं की बेडरूमच्या फरशीचं वय एकदम दहा वर्षांनी उतरतं, आणि खर्च नवीन फरशीपुढे काहीच नाही. मी तर म्हणते हे आधी करा, चार दिवस बघा, आणि मग ठरवा बाकीचं करायचंय का.

पट्ट्याची फरशी बदलायचीच ठरली आणि खालची टाइल घट्ट असली तर न उखडता वरून नवीन टाकता येते. राडारोडा वाचतो, वेळ वाचतो. पण त्यात एक गोष्ट कंत्राटदार शेवटी सांगतो, जेव्हा उशीर झालेला असतो. नवीन टाइल ८ ते १० मिलिमीटर, खाली चिकटवायचा थर तीनचार, म्हणजे जमीन साधारण ११ ते १४ मिलिमीटर वर येते. दारं खालून कापावी लागतात. मुख्य दार लोखंडी असेल तर ते कसं कापणार ते आधी विचारा. बाथरूमच्या बाहेरची जमीन वर गेली तर एकवेळ चालतं, पण बाथरूमच्या आत हाच प्रकार केला आणि आतली जमीन बाहेरच्या बरोबरीला आली तर पाणी सरळ पॅसेजमध्ये. ओट्याखाली बसवलेलं मशीन नंतर बाहेर येईल का हेही बघा, कारण पुढची जमीन वाढली की ते आत अडकून बसतं. आणि वजन, पोर्सेलिन टाइलचं वजनच चौरस मीटरला वीसेक किलो भरतं, चिकटवायचा थर वेगळा. घर जुनं आणि वरच्या मजल्यावर असेल तर एकदा इंजिनिअरला विचारलेलं बरं.

आणि मिस्त्रीला साध्या सिमेंटच्या घोळाने चिकटवू देऊ नका. जुनी चकचकीत टाइल पाणी शोषत नाही आणि नवीन पोर्सेलिनही जवळजवळ शोषत नाही, तिची व्याख्याच अशी आहे की पाणी शोषण ०.५ टक्क्याच्या आत हवं. दोन्हीकडून न शोषणारं असलं की साधं सिमेंट धरणार कशाला? टाइल अॅडेसिव्हच्या पोत्यावर सी २, म्हणजे जास्त पकडीचं, असं लिहिलेलं बघून घ्या, सी १ नको.

रंग कुठला, हे तुम्ही विचारलं नाहीत पण विचारणारच होतात. फिकट राखाडी आणि फिकट मातकट यांच्या मधला काहीतरी. कंटाळवाणा वाटतो ना, तोच हवा. घर बघून गेलेल्या माणसाला तुमची फरशी आठवायलाच नको, त्याला उजेड आठवू दे, खोल्या आठवू दे. लांब टाइल घेतलीत तर विटांसारखी अर्ध्यावर अर्धी लावू नका, लांब टाइल भाजताना मधे जराशी कमानदार होते, आणि अर्ध्यावर ठेवली की एकीचा फुगलेला मधला भाग दुसरीच्या कोपऱ्याशेजारी येतो, पायाला कड लागते. तिसऱ्या हिश्श्यावर सरकवून लावायला सांगा किंवा सरळ रेषेत.

प्रश्न: जुनं कार्पेट काढलं तर खाली खरं लाकूड निघालं! फळ्यांवर डाग आहेत, चरे आहेत. हे झाकून वर नवीन काहीतरी टाकावं की हेच दुरुस्त करावं?

अहो झाकू नका! लोक असलं लाकूड मिळावं म्हणून जास्तीचे पैसे मोजतात आणि तुम्हाला ते खाली आयतं सापडलंय.

अमेरिकेतल्या रिअल्टर्सच्या राष्ट्रीय संघटनेच्या २०२२ च्या अहवालात असं होतं की जुनं लाकडी फ्लोरिंग घासून पॉलिश करायला जो खर्च येतो त्याच्या १४७ टक्के विकताना परत येतात, आणि नवीन लाकूड टाकलं तर ११८ टक्के. आता हे आकडे एका देशातले, आणि एजंटांच्या अंदाजावरचे, तेव्हा तुमच्या घराला तेच लागू होतील असं समजून बसू नका. मला त्यातली फक्त तुलना कामाची वाटते. जुनं नीट करणं हे नवीन आणण्यापेक्षा जास्त परत देतं, आणि माझा स्वतःचा अनुभवही तसाच आहे.

घासून घ्यायचं का आणि किती, ते असं बघा. एक दोन थेंब पाणी टाका. थेंब मोत्यासारखा उभा राहिला तर वरचं पॉलिश अजून जिवंत आहे, मग पूर्ण घासायची गरजच नाही, वरचा थर हलका खरखरीत करून त्यावर नवीन एक हात मारला तरी एका दिवसात काम होतं. पाणी लगेच आत जाऊन लाकूड काळपट झालं तर पॉलिश गेलंय, तिथे मशीनने खालपर्यंत घासावं लागेल. भरीव फळी साधारण १८ ते २० मिलिमीटर जाडीची असते पण त्यातली वापरता येण्यासारखी जाडी फक्त वरची, फळ्या एकमेकींत अडकवायच्या खोबणीच्या वरची, पाचसहा मिलिमीटर. प्रत्येक घासाईत त्यातला पाऊण एक मिलिमीटर जातो. दाराच्या पट्टीखाली किंवा स्कर्टिंग काढून फळीची कड बघा, किती उरलंय ते दिसतं. खिळ्यांची डोकी वर दिसायला लागली असतील तर मागच्या मालकांनी सगळं संपवलंय असं समजा.

डागांचं सांगायचं तर वरवरचे राखाडी डाग घासून जातात. काळे, शाईसारखे डाग जे असतात, पाणी लोखंडाला लागून झालेले किंवा घरातल्या प्राण्याने केलेले, ते बऱ्याचदा खोल गेलेले असतात, तेवढ्या दोनचार फळ्या बदला, कपाटाच्या आतल्या फळ्या काढून तिथे लावल्या तर रंगही जुळतो. आणि गडद रंग चढवायच्या मोहात पडू नका. गडद लाकडावर धूळ आणि पाऊलखुणा इतक्या दिसतात की घर दाखवायच्या दिवशी झाडू हातातून सुटणार नाही. पाण्यावर आधारित पारदर्शक पॉलिश घ्या, तेलावरचं पॉलिश कालांतराने पिवळं पडतं.

प्रश्न: दुकानदार लॅमिनेट, एसपीसी आणि इंजिनिअर्ड वूड तिन्ही "वॉटरप्रूफ" म्हणून दाखवतो. तिन्ही दिसायला सारखीच. नक्की फरक काय आणि विकायच्या दृष्टीने कुठलं?

सगळ्यात जास्त पत्रं याच प्रश्नाची होती त्यामुळे जरा सविस्तर सांगते, पसारा होईल, चालवून घ्या.

लॅमिनेट म्हणजे लाकडाच्या भुश्श्याची दाबून केलेली पाटी, त्यावर लाकडाच्या छपाईचा कागद, त्यावर कडक पारदर्शक थर. वरून चांगलं टणक असतं, खुर्च्या ओढल्या तरी पटकन चरा पडत नाही, पण सांध्यातून पाणी आत गेलं की पाटीच्या कडा फुगतात आणि एकदा फुगल्या की वाळल्यावरही बसत नाहीत. हल्ली पाणी काही तास धरणारी लॅमिनेट येतात, पण "काही तास" हे शब्द डब्यावर बारीक अक्षरात असतात. त्याच्यावर एसी ३, एसी ४ असं लिहिलेलं असतं, तो थंड हवेचा एसी नव्हे, झीज किती सोसेल त्याचा दर्जा आहे. बेडरूमला ३ पुरतो, हॉलला ४ घ्या.

एसपीसी म्हणजे चुनखडीची पावडर आणि प्लास्टिक एकत्र करून केलेली फळी, वर छपाई, त्यावर पारदर्शक थर. ही फळी स्वतः पाण्याने फुगत नाही, इथपर्यंत दुकानदार खरं बोलतो. पण वॉटरप्रूफ आहे ती फळी, जमीन नाही. पाणी सांध्यातून खाली गेलं तर तिथेच साचतं, बुरशी धरते, आणि वर काहीच दिसत नाही. इथे जाडीपेक्षा वरचा पारदर्शक थर किती ते विचारा. कमी वापराच्या खोलीला ०.३ मिलिमीटर ठीक, हॉल आणि किचनला ०.५. काही ठिकाणी हा आकडा मिलमध्ये सांगतात, "२० मिलचा आहे" वगैरे, आणि ऐकणाऱ्याला वाटतं वीस मिलिमीटर! मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, २० मिल म्हणजे तोच अर्धा मिलिमीटर. एसपीसीचा दुसरा शत्रू ऊन. मोठ्या काचेच्या खिडकीतून दिवसभर थेट ऊन येत असेल तर फळ्या प्रसरण पावतात, मधे उचलतात, रंग उडतो. भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटर मोकळी जागा सोडून ती स्कर्टिंगने झाकायची असते, घाईत काम करणारे ती सोडतच नाहीत.

इंजिनिअर्ड वूडमध्ये वरचा थर खऱ्या लाकडाचा, खाली प्लायसारखे थर. इथे विचारायचा प्रश्न एकच, वरचं लाकूड किती मिलिमीटर? दोन असेल तर पुढे कधी घासता येईल हे विसरा. तीनचार असेल तर एकदोनदा घासता येतं, म्हणजे घेणाऱ्यालाही सांगायला एक चांगली गोष्ट आहे. पाण्याच्या बाबतीत हे शेवटी लाकूडच, त्याला वॉटरप्रूफ म्हणणाऱ्याच्या बाकीच्या बोलण्यावरही मी विश्वास ठेवणार नाही.

आता विकायच्या दृष्टीने. त्याच भागात, त्याच किमतीत विकायला असलेली चारपाच घरं आधी बघून या, गिऱ्हाईक म्हणून जा. त्यांच्यात काय फरशी आहे त्याच्या बरोबरीचं किंवा जेमतेम एक पायरी वरचं टाका. सगळीकडे साधी टाइल असताना तुम्ही महागडं लाकूड टाकलंत तर लोक छान छान म्हणतील आणि भाव शेजारच्या घराचाच देतील. उलट सगळीकडे लाकूड आणि तुमच्याकडेच फाटकं व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकची फरशी, असेल तर तेवढ्यावरून घासाघीस सुरू होईल. माझं मत विचाराल तर सहा महिन्यांत विकायचं असेल आणि जमीन सपाट असेल तर बेडरूमला चांगलं लॅमिनेट, हॉल किचनला ०.५ वालं एसपीसी. दहा वर्षं राहून मग विकायचं असेल तर इंजिनिअर्ड वूडचा विचार करा, कारण मग तुम्ही स्वतःही ते उपभोगणार.

जमीन सपाट असेल तर, हे मघाशी म्हटलं ते गंभीरपणे घ्या. दोन मीटरची सरळ पट्टी जमिनीवर ठेवा, खाली कुठे तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर आधी लेव्हलिंगचा थर टाकून घ्या. नाहीतर चालताना फळ्या खालीवर होतात, कट्कट् आवाज येतो, आणि वर्षभरात खोबणी तुटतात. ज्या एसपीसीला खालून फोम चिकटवलेलाच असतो त्याखाली आणखी एक फोम घालू नका, मऊ पडावं म्हणून लोक घालतात आणि त्यानेच फळ्या अडकवायचे लॉक मोडतात. आणि किचनची जड कपाटं या तरंगत्या, म्हणजे जमिनीला न चिकटवता नुसत्या एकमेकींत अडकवलेल्या फळ्यांवर ठेवायची नाहीत, कपाट आधी, फळ्या त्याच्या पायापर्यंत.

एक विनंती. विकताना लॅमिनेटला "वुडन फ्लोअरिंग" म्हणू नका. घेणाऱ्याबरोबर एक तरी काका येतातच जे वाकून नखाने टोकरून बघतात, आणि एक खोटं पकडलं गेलं की प्लंबिंगबद्दल तुम्ही खरं सांगितलेलंही कुणी ऐकत नाही.

प्रश्न: किचनमध्ये संगमरवर टाकला तर घर श्रीमंत दिसेल ना?

दिसेल, पहिल्या दिवशी. संगमरवर रासायनिक दृष्ट्या चुनखडीचाच भाऊ, आंबट काही सांडलं की तिथलं पॉलिश उडून पांढुरका ठिपका राहतो, पुसून जात नाही कारण तो डाग नसतोच, दगडच खाल्लेला असतो. कडकपणाच्या मोजपट्टीवर तो ३ च्या आसपास, आणि चपलेला चिकटून येणाऱ्या रेतीतले कण ७. तुम्हीच बघा कोण कुणाला घासणार. संगमरवर आधीपासून असेल तर घासून पॉलिश करून घ्या, मस्त दिसतो. नव्याने किचनमध्ये टाकू नका, तसं दिसणारी पोर्सेलिन टाका.

प्रश्न: मला चकचकीत काळी फरशी हवीये, बायकोला मॅट. तुम्हीच निकाल द्या.

वहिनी जिंकल्या. काळ्या चकचकीत फरशीवर केस, धूळ, पाण्याचे थेंब, मांजर कुठून कुठे गेलं, सगळं दिसतं. हॉलमध्ये चकचकीत हवंच असेल तर फिकट रंगात घ्या, उजेड परावर्तित होतो आणि अंधाऱ्या हॉलला त्याचा फायदाही होतो, तेवढी तुमची बाजू. बाथरूममध्ये आणि जिथे पावसाचं पाणी येतं तिथे मात्र चकचकीत नाहीच. टाइलच्या डब्यावर आर ९ पासून आर १३ पर्यंत घसरण्याचा दर्जा लिहिलेला असतो, आकडा मोठा तितकी पकड जास्त. ओल्या जागी आर १० च्या खाली जाऊ नका, उघड्यावर आर ११. आर १३ घरात कुणी टाकू नये, कारखान्यात शोभतो, पुसताना फडकं फाटतं.

प्रश्न: हॉलच्या एका कोपऱ्यात लॅमिनेट फुगलंय, दर पावसाळ्यात वाढतं. फक्त तेवढ्या फळ्या बदलून वर गालिचा टाकून घर दाखवलं तर चालेल का?

नाही चालणार. आणि मी नीतीच्या गोष्टी सांगायच्या आधी व्यवहाराचं सांगते. फुगण्याचं कारण खाली आहे, भिंतीतून ओल येतेय किंवा पाइप गळतोय किंवा बाहेरच्या जमिनीचा ढाळ घराकडे आहे, आणि ते तसंच ठेवून नवीन फळ्या टाकल्यात तर सौदा पूर्ण व्हायच्या आत त्याही फुगतील. गालिचा उचलून बघणं ही घर बघणाऱ्यांची पहिली सवय असते, कोपऱ्यात एकटाच पडलेला गालिचा तर ओरडून सांगतो माझ्याखाली बघा म्हणून. आणि माहीत असलेला दोष लपवून विकलं तर ते प्रकरण नंतर कायद्याच्या दारात जाऊ शकतं.

आधी ओल कुठून येते ते शोधा. फळ्या काढा, उघड्या काँक्रीटवर दीडेक फुटाचा प्लास्टिकचा चौकोनी तुकडा चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक दिवस ठेवा. खाली पाण्याचे कण दिसले किंवा काँक्रीट काळवंडलं तर जमिनीतून ओल वर येतेय. प्लास्टिकखाली कोरडं आणि भिंतीशी ओलं असेल तर भिंत किंवा पाइप. गळती बंद केल्यावर जमीन पूर्ण वाळू द्या, इथे लोक घाई करतात आणि परत तिथेच येतात. मग त्या जागी फुगणारं काही न टाकता टाइल टाका. दुरुस्तीची बिलं जपून ठेवा आणि घेणाऱ्याला स्वतःहून दाखवा, "इथे ओल होती, हे काम केलं, ही बिलं." मी असं करून घर दिलंय, समोरच्याने एक रुपयाही कमी केला नाही, उलट बाकीचं फार तपासलं नाही.

प्रश्न: आजोबांच्या घरात व्हिनाइलच्या जुन्या छोट्या चौकोनी टाइल आहेत, खाली काळा गोंद. मीच खरवडून काढू का?

थांबा! हात लावू नका. १९८० च्या आधीच्या व्हिनाइल टाइलमध्ये, विशेषतः ९ इंच बाय ९ इंच मापाच्या, आणि त्यांच्याखालच्या काळ्या डांबरी गोंदात अॅस्बेस्टॉस, म्हणजे बारीक तंतूंचं एक खनिज, असू शकतं. शाबूत पडून असेल तोवर त्रास देत नाही, पण खरवडलं, फोडलं, मशीनने घासलं की त्याचे तंतू हवेत जातात आणि फुप्फुसात बसतात. नमुना लॅबमध्ये तपासून घ्या, तोही त्यातल्या माणसाकडूनच काढून घ्या. अॅस्बेस्टॉस निघालं आणि टाइल घट्ट असतील तर न हलवता वरून दुसरी फरशी टाकणं हाच बऱ्याचदा सोपा मार्ग असतो, फक्त विकताना खाली काय आहे ते लेखी सांगा.

प्रश्न: आत्ता विकायचं नाहीये, पाचसात वर्षांनी. फरशी आत्ताच टाकतोय. काय लक्षात ठेवू?

दोन डबे जास्तीचे. सरळ लावणार असाल तर मापाच्या वर १० टक्के, तिरकी किंवा माशाच्या काट्यांसारख्या नक्षीत लावणार असाल तर १५, हे तुटफुटीसाठी, आणि त्याच्याही वर दोन डबे माळ्यावर. सगळ्या डब्यांवरचा लॉट नंबर, म्हणजे माल कुठल्या खेपेतला त्याचा नंबर, एकच आहे ना ते दुकानातच बघा, घरी आल्यावर नाही. मी एकदा मोजून मापून अगदी हुशारीने घेतल्या, चार वर्षांनी पाइपसाठी सहा टाइल फोडाव्या लागल्या, तीच कंपनी, तेच नाव, डिझाइनचाही तोच नंबर, आणि रंग एक छटा पिवळा. दारातून आत येणाऱ्या प्रत्येक माणसाला तो सहा टाइलचा चौकोन पहिल्यांदा दिसायचा. शेवटी त्यावर कुंडी ठेवली. कुंडी केवढी मोठी लागली ते विचारू नका.

बाकी, सांध्यासाठी किचन बाथरूममध्ये इपॉक्सी ग्राउट घ्या, जरा महाग पडतं पण पाचसात वर्षांनी विकताना ते काळं पडलेलं नसेल. आणि रंगाचं वर सांगितलंय तेच, पण तुम्हाला पाचसात वर्षं राहायचंय तर एका खोलीत मनासारखं करून घ्या, स्वतःच्या घरात अगदीच पाहुण्यासारखं राहू नये माणसाने.

प्रश्न: फरशी खराब आहे, पण नवीन टाकत बसण्यापेक्षा घेणाऱ्याला किमतीत तेवढी सूट दिली तर? त्याला हवी ती तो टाकेल.

ऐकायला फार शहाणपणाचं वाटतं, आणि कधीकधी असतंही. पण घेणाऱ्याच्या डोक्यात हिशेब कसा होतो ते बघा. तुम्हाला माहितीये की या कामाला इतका खर्च येतो. त्याला माहीत नाही. तो अंदाज करतो, घाबरून दीडपट दुप्पट करतो, त्यात सामान हलवायचा त्रास, धूळ, पंधरा दिवस दुसरीकडे राहणं हे सगळं मिळवतो आणि मग सूट मागतो. म्हणजे तुम्ही जेवढी सूट द्यायला तयार असता त्यात बऱ्याचदा फरशी टाकून झाली असती. शिवाय किती लोक खराब फरशी बघून भाव न विचारताच निघून जातात ते तर मोजताच येत नाही.

सूट द्यावी ती दोन वेळा. एक, घेणारा घर आतून पूर्ण तोडूनच नवीन करणार आहे, किचन, बाथरूम सगळं, तेव्हा तुमची नवी फरशी पहिल्या दिवशीच फुटणार. दोन, खाली ओल किंवा अॅस्बेस्टॉससारखं काही मोठं आहे आणि तुमच्याकडे ते निस्तरायला वेळ नाही. तेव्हा दोन मिस्त्रींकडून लेखी कोटेशन घेऊन ठेवा आणि सूट त्या कागदावरून बोला, म्हणजे त्याचा अंदाज त्या आकड्यापलीकडे पळणार नाही. बाकी वेळी सांधे भरा, पोकळ टाइल बदला, पट्टा सलग करा, मग घर विकायची पाटी लावा.

पुढच्या अंकात बाथरूमची गळती घेतेय. पत्रात गळती नेमकी कुठे आहे ते लिहा, "सगळीकडून गळतंय" असं लिहू नका.